कासाबाईचा सरडा

राणीसावरगावात कुणाच्या दारात काय उगवलंय यावरून घरातली माणसं ओळखायची रीत आहे. कासाबाईच्या दारात जे उगवलं होतं, त्यानं मात्र भल्याभल्यांची मती गुंग केली होती. सिमेंटचा एक खांब, त्याच्या डोक्यावर मोटारसायकलचा जुना टायर, आणि खांबाला धरून वर चढलेला, टायरातून चारी बाजूंनी खाली लोंबणारा तिधारी काटेरी वेल. निवडुंगाचा चुलतभाऊच म्हणा ना. ड्रॅगन फ्रूट हे नाव गावाला नवं नव्हतं. गंगाखेडच्या बाजारात गाड्यावर ते गुलाबी फळ मांडलेलं असतं. पण विकत घेऊन खाणं निराळं आणि दारात काटे लावणं निराळं.

“दारात काटं लावू न्हाई बाई, घरात भांडणं लागतेत,” शेजारच्या सगुणाबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

“लागू दे की,” कासाबाई म्हणाली होती, “आमची आधीची जुनी झालीत.”

भांडणं होतीच. कासाबाई आणि तिची सून दिपाली यांचं मिठावरून जमत नव्हतं, शेळीची धार कुणी काढायची यावरून जमत नव्हतं, आणि ज्या दिवशी जमे त्या दिवशी दोघींना करमत नसे. रामप्रसाद, कासाबाईचा एकुलता एक, या दोघींच्या मध्ये बसून भाकरी खाई आणि दोघींना चिडवी. तो एका बागाईतदाराकडे कामाला जात होता. तिथून त्यानं वेलाचं हातभर कांडं मागून आणलं, दारात लावलं आणि वर भाषणही ठोकलं.

“ह्याचं पहिलं फळ तुमी दोघींनी अर्धं-अर्धं खायचं. अन् भांडायचं न्हाई, बरं का.”

फळ कसं धरतं तेही त्यानं सांगून ठेवलं होतं. याचं फूल अंधार पडताना उमलतं आणि सकाळी ऊन तापलं की मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. आपल्याकडची मधमाशी त्या वेळी त्याच्याकडे फिरकत नाही. म्हणून माणसानंच आतलं पिवळं पीठ ब्रशनं उचलायचं आणि मधल्या काडीच्या टोकाला जी चांदणी असते तिच्यावर फिरवायचं. नाही फिरवलं तर फूल गळून पडतं. “ब्रश कुठून आणायचा?” दिपालीनं विचारलं, तेव्हा त्यानं आपला दाढीचा ब्रश तिच्या नाकावर फिरवला होता.

वेल कमरेएवढा झाला आणि रामप्रसाद गेला. परभणीच्या रस्त्यावर टिप्परनं त्याची गाडी उडवली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

माती झाल्यावर बाया ओसरीत बसल्या होत्या. तेव्हा सगुणाबाई कुणाच्या तरी कानात बोलली, पण तिचा कानातला आवाजसुद्धा वेशीपर्यंत जातो. “पांढऱ्या पायाची हाय पोरगी,” असं ती बोलली. कासाबाई तिथल्या तिथं उठली. डोळ्यांतलं पाणीही तिनं पुसलं नाही.

“माझ्या सुनेच्या पायाला शेण हाय, माती हाय, राबते ती. पांढरे पाय घरात बसून खाणाऱ्याचे असतेत. आपले बग आधी.”

त्यानंतर तो शब्द त्या घराच्या आसपास कुणी काढला नाही. दिपालीनं तो ऐकला होता की नाही, हे कासाबाईनं कधी विचारलं नाही. दोघी भांडायच्या मात्र थांबल्या. भाजीत मीठ कमी पडलं तरी कुणी बोलेना. कासाबाईचा नवरा मल्हारी दिवसभर मेंढरांमागं, आणि घरी आला तरी त्याचं बोलणं मेंढरांशीच. बोलायला उरली ती दिपाली. रामप्रसादचं “बरं का” तिच्या जिभेवर आलं होतं. भाकरी तोडायची तऱ्हाही त्याचीच. कासाबाई तिच्याकडे बघत बसे आणि पोरगा पुरता गेला नाही असं तिला वाटे.

वर्ष सरलं, वेल टायरावर चढला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिपालीचा बाप आला.

बन्सीधर चारठाण्याचा. माणूस सरळ. चहा पिऊन झाल्यावर त्यानं खाली बघतच विषय काढला.

“इनबाई, पोरीचं वय काय हाय? सेलूला कापसाच्या जिनिंगात कामाला हाय एक जण, आपल्यातलाच. बायको वारली त्याची. पाट लावून द्यावा म्हणतो. तुमच्या मर्जीशिवाय न्हाई.”

धनगरात विधवेचा पाट लावायला कुणी नाक मुरडत नाही. कासाबाईची स्वतःची मावशी पाटाची होती. नाही म्हणायला तिच्याजवळ काही कारण नव्हतं, आणि हेच तिचं दुखणं होतं. मल्हारीनं तिच्याकडे न बघताच मान डोलावली. उंबऱ्याआडून दिपाली म्हणाली, “आबा, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ह्या झाडाला एक फळ लागू द्या. त्यांनी सांगितलेलं तेवढं करते, मग येते.”

बन्सीधर झाडाकडे बघत राहिला. मग बरं म्हणाला.

त्या दिवसापासून कासाबाईचा जीव त्या खांबाला टांगला गेला. फळ लागलं की दिपाली जाणार. दिपाली गेली की रामप्रसाद दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला ओसरीत रडायला कुणी बायाही येणार नाहीत. ती खंडोबाला हात जोडायची आणि मागायची काय, तर झाड वठू दे. लेकानं लावलेलं झाड. मागून झालं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची.

पहिली कळी आली आणि झडीच्या पावसात आपोआप गळाली. दिपाली रडली. कासाबाईनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

दुसरी कळी मात्र गळायचं नाव घेईना. वीतभर लांब झाली, फुगली. दिपालीनं कोनाड्यातला दाढीचा ब्रश काढून पदरानं पुसून ठेवला. कासाबाईला अन्न गोड लागेना. देवाच्या हातून एकदा काम झालं होतं; दुसऱ्यांदा त्याला फुरसत नसावी. आणि मग तिला मल्हारीच्या मेंढ्याचं फडकं आठवलं. मेंढ्या अवेळी गाभण राहू नयेत म्हणून तो नर मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधून ठेवतो. त्यात पाप नाही, कुणाचा जीव जात नाही, नुसती वेळ पुढं जाते. आपणही वेळच तेवढी पुढं ढकलायची, असं तिनं स्वतःला पटवलं. माणसाला गरज पडली की अक्कल अशी चुलीपाशी येऊन बसते.

संध्याकाळी दिपाली आत भाकऱ्या थापत होती. बाहेर फूल उमलायला लागलं होतं. पांढरंशुभ्र, परातीएवढं, वास असा की शेळीनंही मान वर करावी. कासाबाईनं आत हात घातला, मधली काडी चाचपली आणि तिची चांदणी नखानं खुडली. खुडताना ती “लेकरा, माफ कर” असं म्हणाली. बोटं पिवळी झाली होती. ती तिनं राखेनं घासून धुतली.

पहाटे दिपालीची हाक आली. “आत्या! आत्या, हे बगा ना काय झालंय!”

कासाबाई डोळे चोळत आली. काडी बोडकी होती. दिपाली ब्रश हातात धरून उभी होती, त्यावर पिवळं पीठ होतं आणि ते लावायला जागा नव्हती.

“सरडा असंल गं,” कासाबाई म्हणाली. “हितं हिंडतोय एक, कवाधरनं बगायलेय मी.”

सरडा होताही. कुंपणाच्या काट्यांवर बसून मान हलवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिपालीनं त्याला धोंडे मारायला सुरुवात केली. जी पोरगी घरातली मुंगी फडक्यात धरून बाहेर सोडायची, ती धोंडा घेऊन कुंपणाशी दबा धरून बसायला लागली. तिसरी कळी धरल्यावर एक दिवस तिनं त्याला गाठलंच. तुराटीच्या काडीवर उचलून तिनं तो उकिरड्यावर टाकला आणि हात धुऊन आली. “आता बगू कोण खातंय,” ती म्हणाली. कासाबाई ज्वारी पाखडत होती. तिनं वर बघितलं नाही.

मल्हारी त्या संध्याकाळी मेंढरं कोंडून आला आणि भाकरीवर बसला. बसल्या बसल्या म्हणाला, “फडकं बांधणं सोपं असतंय. येळेवर सोडायची याद ठिवावी लागती. न्हाईतर कळप वाढायचा ऱ्हातो.”

“कोणाचं बोलायलाव तुमी?” कासाबाईनं विचारलं.

“मेंढ्याचं,” तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

तेवढ्यानं शहाणी झाली असती तर ती कासाबाई कसली. तिसरी कळी उमलायचा दिवस आला. ती दिवसभर स्वतःला बजावत होती की आज नाही, आज हात लावायचा नाही. तिन्हीसांजेला बन्सीधरचा फोन आला. दिपाली आत त्याच्याशी बोलत होती, हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बास, त्या हसण्यानं कासाबाईचा तोल गेला. ही आत्ताच तिकडची झाली, असं तिला वाटलं. बोटं फुलात गेली आणि काम करून बाहेर आली.

सकाळी दिपालीनं हाक मारली नाही. कासाबाई उठून बाहेर आली तेव्हा ती खांबाला टेकून खाली बसली होती. फूल मिटत चाललं होतं. तिचे डोळे कोरडे होते.

“सरडा तर मेला, आत्या,” ती म्हणाली.

“दुसरा असंल…”

“न्हाई. दुसरा न्हाई.” तिनं ब्रश कासाबाईच्या हातात ठेवला. “त्या दिवशी सगुणाबाई म्हणलीच होती. तुमी तिला गप केलं, पण मी ऐकलं होतं. पांढऱ्या पायाची हाय मी. ते गेले, कळी गेली, फुलं गेली. मी हात लावला की जातंय. आता सेलूच्या त्या माणसाचं कामून वाटोळं करू? आबाला फोन करून न्हाई म्हणून सांगते. मी हितंच ऱ्हाते तुमच्यापाशी. तुमी तरी मला सोसलंय.”

कासाबाईनं देवाकडे जे मागितलं होतं ते सगळं तिच्या पदरात पडलं होतं. दिपाली राहणार होती. कायमची. कासाबाईला ओरडून सांगायचं होतं, अगं तसं नाही. पण तोंड उघडलं की पुढं काय येणार हे तिला माहीत होतं, आणि ती भ्याली. ज्या शब्दासाठी तिनं सगुणाबाईला भर ओसरीत झापलं होतं, तो तिनंच नखानं खुडून खुडून या पोरीच्या काळजात रुजवला होता. त्या दिवशी चुलीवर भाकरी जळली आणि दोघींपैकी एकीलाही वास आला नाही.

दिपालीनं फोन केला. बन्सीधर गाडी करून आला, समजावून गेला. ती ऐकेना. पुढं पुढं तर ती दुसऱ्यांच्या लेकरांनाही हात लावेना. सगुणाबाईच्या सुनेचं बाळ रांगत दाराशी आलं तर ही आत निघून गेली. व्यायला आलेली शेळी तिच्याकडे बघून ओरडायची आणि ही म्हणायची, “आत्या, तुमीच बगा. माझा हात नको.” जेवण दोन घास. कासाबाई तिच्या ताटातला उरलेला तुकडा शेळीला घालताना रडायची. पोरगी घरात होती आणि घरात नव्हती.

कासाबाईनं नवस बदलला. आता झाड वठू नको देऊ देवा, एक कळी दे, एवढी एकच दे. भादव्यात वेलाला कळ्या धरतात न धरतात. रोज सकाळी ती टायरावर चढलेली एकेक फांदी चाचपायची, हाताला काटे बोचायचे. बोचू दे, ती म्हणायची. मेंढरांच्या लेंड्या तिनं बुडाशी आणून टाकल्या, हंड्यानं पाणी घातलं. मल्हारी म्हणाला, “पाणी लय झालं तर सडतंय ते.” मग ते पाणी ती हातानं बाहेर काढत बसली.

भादवा सरताना एका फांदीच्या टोकाला कळी धरली. कासाबाईनं तिच्यावर जुनं लुगडं ताणलं, पाऊस लागू नये म्हणून. कळी फुगली, उमलायची वेळ आली. पहाटे कासाबाईनं दिपालीला दंडाला धरून उठवलं.

“ऊठ. बाहीर चल.”

“मी न्हाई आत्या. तुमीच करा.”

“चल म्हणते ना!”

तिला ओढतच नेलं. मधली चांदणी शाबूत होती. दिपालीनं हात मागं घेतले, पाठीमागं लपवले. कासाबाईनं तिचा उजवा हात सोडवला, त्यात ब्रश कोंबला आणि वरून आपली मूठ आवळली. दोघींच्या हातांनी पिवळं पीठ उचललं, चांदणीवर फिरवलं.

फूल मिटलं, वाळलं, पण गळालं नाही. त्याच्या बुडाशी हिरवी गाठ धरली आणि ती फुगत गेली. दसरा झाला तशी गाठीवर लाली चढली. कासाबाईनं दिपालीला न विचारता स्वतःच चारठाण्याला फोन लावला. “पाव्हणं, तो सेलूचा माणूस थांबलाय का? थांबला असंल तर या. फळ लागलंय.”

दिवाळीच्या आधी बन्सीधर घ्यायला आला. कासाबाईनं फळ तोडलं तेव्हा ते तिच्या दोन्ही तळव्यांत मावेना. दिपाली विळी घेऊन आली, “अर्धं-अर्धं म्हणले होते ते,” म्हणाली. कासाबाईनं मान फिरवली.

“मला नको. माझे दात दुखायलेत. तूच खा.”

दिपालीचं तोंड उतरलं. कासाबाईनं ते पाहिलं, पण तो अर्धा वाटा खायला तिचं तोंड धजत नव्हतं. तिनं दिपालीला पाटावर बसवलं, पदर पसरायला लावला आणि तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि ते अख्खं गुलाबी फळ तिच्या ओटीत घातलं. दारातून बघणाऱ्या सगुणाबाईला राहवलं नाही. “अगं कासाबाई, तिची ओटी? कुंकू न्हाई कपाळाला…”

“लेकीची भरायलेय मी. तुला तांदूळ कमी पडले का?”

सगुणाबाई गेली. मल्हारीनं दिपालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मेंढरं घेऊन निघाला. बन्सीधर पिशव्या घेऊन फाट्याकडे पुढं झाला. मागून दोघी चालल्या. ओटीतलं फळ दिपालीनं पदरानं घट्ट धरलं होतं.

“आत्या,” ती चालता चालता म्हणाली, “तुमच्या हाताला गुण हाय. माझ्या एकटीच्या हातानं सगळं वाया गेलं, तुमचा हात लागला अन् फळ धरलं. तितं मी काई पेरणार न्हाई, लावणार न्हाई. त्यांच्या पहिल्या बायकोची बारकी पोरगी हाय म्हणं. तिला बी जपूनच… लांबूनच बगीन मी.”

कासाबाई थांबली. समोर फाटा दिसत होता, बन्सीधर पिशव्या खाली ठेवून एसटीची वाट बघत होता. आता गप्प बसलं तर पोरगी हसून पाया पडेल, दिवाळीला येईल, आत्या आत्या करेल. आणि आयुष्यभर स्वतःच्या हातांना भिऊन जगेल.

“दिपे,” ती म्हणाली, “सरडा न्हवता गं.”

“काय?”

“फूल सरड्यानं खुडलं न्हवतं. मी खुडलं. दोनी बारीला मीच. ह्या नखानं.” तिनं बोट पुढं केलं. “तू जाशील म्हणून.”

दिपाली बघत राहिली. कासाबाईला वाटलं मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. पण दिपाली तिच्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती, उलटेसुलटे करून.

“मंजी माझ्या हातात खोट न्हवती.”

“न्हवती. कवाच न्हवती. खोट माझ्यात हाय.”

“मी सरडा मारला, आत्या,” दिपाली म्हणाली आणि तिला रडू फुटलं. रामप्रसाद गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रस्त्याच्या कडेला खाली बसली, ओटीतले तांदूळ सांडले. “उगाच मारला. त्याचं काईच न्हवतं. तुमी बगत बसलाव.”

लांबून एसटी दिसली. बन्सीधरनं हाक दिली. दिपाली उठली, नाक पुसलं, फळात दोन्ही अंगठे रोवले आणि ते फाडलं. आतला गर लालभडक होता. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले. अर्धं तिनं कासाबाईच्या पदरात टाकलं.

“भांडायचं न्हाई म्हणले होते ते,” ती म्हणाली. “न्हाईतर आज लय भांडले असते मी तुमच्याशी.”

ती पाया पडली नाही. एसटीत चढताना मागं वळूनही बघितलं नाही. खिडकीत बसली तेव्हा हातातलं अर्धं फळ तिनं तोंडाला लावलं होतं, एवढं कासाबाईला दिसलं. मग धूळ उडाली.

कासाबाई तिथंच, सांडलेल्या तांदळांशेजारी बसली आणि आपला वाटा खाऊ लागली. एवढा जीव टांगला होता त्या फळाला, पण चव अशी त्याला काही नव्हतीच. तिनं ते सालीसकट खाल्लं.